आग्रहाची जिलबी

मंडळी, आजचा विषय आहे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार आणि औषधं. त्याकडे येतेच. पण आधी पंगतीबद्दल बोलू द्या, नऊ वर्षं मनात साठलंय.

माझी गॅस्ट्रिक बायपास झाली. जठराच्या वरच्या टोकाची लिंबाएवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली. उरलेलं जठर शरीरातच आहे, पण अन्न तिकडून जात नाही. (स्लीव्ह ही दुसऱ्या प्रकारची शस्त्रक्रिया वेगळी, त्यात जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढूनच टाकतात.) ११८ किलोची मी दीड वर्षात ७६ वर आले. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, जिने चढता यायला लागले. हे सुख मी कुणाला कमी लेखू देणार नाही. ‘सोपा मार्ग घेतलास’ म्हणणाऱ्यांना तर मुळीच नाही.

आता हात वर करा: पंगतीत ‘पुरे’ म्हटल्यावर खरंच थांबलेला वाढपी कुणी पाहिलाय? एकच हात! आणि काका, तुम्ही स्वतःच वाढायला असता ना?

तर भाचीचं लग्न, ऑपरेशनला आठ महिने झालेले. पानात मी दोन चमचे वरण, थोडी उसळ एवढंच घेतलं होतं. मावशी आल्या, हातात जिलबीचं ताट. म्हणाल्या, ‘‘अगं, किती वाळलीस! एकच घे, माझी शपथ.’’ मी नको म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला, आजूबाजूच्या चार जणी बघायला लागल्या. मी घेतली. दुसरी त्यांनी न विचारताच टाकली, वर मठ्ठा.

वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली. घाम, पोटात कळ, डोळ्यांपुढे अंधारी. नवरीच्या खोलीत आडवी झाले. कुणी म्हणालं पित्त, कुणी मीठ-मोहऱ्या आणायला पळालं. झालं होतं ते एवढंच: जठरात थांबून हळूहळू पुढे जायची साखर एकदम आतड्यात उतरली आणि तिने शरीरातलं पाणी तिकडे ओढलं. याला डंपिंग म्हणतात. मावशी उशाशी बसून रडत होत्या. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, म्हणून तर मला नाही म्हणता आलं नाही. डॉक्टरांनी माझं जठर बदललं, पण माझ्या नातेवाइकांना कुणी बोलावून चार शब्द सांगितले नाहीत. माझं म्हणणं आहे, ऑपरेशनआधीच्या समुपदेशनाला घरातला वाढणारा माणूस हवाच.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं, भरभर सांगते.

बी-१२ जीवनसत्त्व शोषायला जठरात तयार होणारा एक घटक लागतो. बायपासमध्ये अन्नाची आणि त्याची गाठ नीट पडत नाही, म्हणून पूरक बी-१२ आयुष्यभर. शाकाहारी असाल तर आधीच कमी असण्याची शक्यता, जास्त जपा. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः ज्या भागात शोषलं जातं, तोच भाग वगळलेला असतो. दोन्ही गोळ्या एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. बरं वाटतंय म्हणून रक्ततपासणी टाळू नका.

प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून जेमतेम ६-७ मिळतात, तेव्हा पनीर, अंडी, मासे, सोयाबीन आधी खा, भात शेवटी. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात. उलट्या थांबत नसतील तर मात्र घरी बसू नका. बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मज्जातंतूंना इजा होऊ शकते. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबा. दारू फार लवकर चढते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी बायपासच्या जोडावर व्रण होऊ शकतो, म्हणून दात काढायला गेलात तरी आधी सांगा, माझी गॅस्ट्रिक बायपास झालीय.

आता प्रश्न. मागे उभी असलेली ती मुलगी मघापासून हात वर करून आहे, तिचा आधी घेऊ.