पाचिंको: सगळा खेळ खिळ्यांचा

श्रोतेहो, नमस्कार. जपानमध्ये कुठल्याही मोठ्या स्टेशनाबाहेर पडलात की पाचिंकोचं, म्हणजे पोलादी गोळ्या उडवायच्या यंत्रखेळाचं, दुकान दिसतंच. सकाळी दहाच्या सुमाराला दार उघडतं, पण त्याआधीच रांग लागलेली असते. आत शिरलं की कानठळ्या बसतात. शेकडो यंत्रं, प्रत्येकाचं संगीत वेगळं, आणि जोडीला पोलादी गोळ्यांचा अखंड खडखडाट.

काचेआड एक उभी पाटी, तिच्यावर शेकडो पितळी खिळे. उजव्या हाताला गोल मूठ. ती जराशी फिरवली की ११ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या वर उडू लागतात, मिनिटाला फार तर १००. खिळ्यांवर आपटत, भिरभिऱ्यांना धडकत गोळी खाली येते. मधल्या भोकात गेली तर नशीब फळफळण्याची आशा, नाहीतर तळाशी गडप. मूठ किती फिरवायची, एवढंच खेळणाऱ्याच्या हातात. पण तेवढ्यावरच माणूस तासन्‌तास खिळून बसतो.

मला विचाराल तर खरी जादू मधल्या भोकावरच्या दोन खिळ्यांत आहे. त्यांच्यातली फट गोळीपेक्षा जेमतेम मोठी. ती केसभर रुंदावली तरी दिवसाचा हिशेब बदलतो. म्हणून दुकान बंद झाल्यावर खिळ्यांचे कारागीर छोटी हातोडी घेऊन बसायचे आणि एकेक खिळा हलकेच ठोकून वाकवायचे. मुरलेले खेळाडू सकाळी आधी खिळे न्याहाळायचे, मगच यंत्र निवडायचे. कारागिराचा हात आणि खेळाडूची नजर यांचा हा सामना मला फार मोलाचा वाटतो.

मुळात हा मुलांचा खेळ, जिंकलं की गोळ्या-चॉकलेटं. महायुद्धात बंद पडला, युद्धानंतर नागोया शहरात पुन्हा उभा राहिला. तिथल्या मासामुरा ताकेइचींनी खिळ्यांची नवी मांडणी केली, भिरभिरी बसवली, आणि गोळीची वाट रंगतदार झाली. सिगारेट, साबण मिळायची मारामार होती. तीच बक्षिसं म्हटल्यावर गर्दी लोटली. जपानमधल्या कोरियन लोकांना चांगल्या नोकऱ्यांची दारं बंद होती. त्यांच्यातल्या अनेकांनी हाच धंदा उभारला.

१९८० मध्ये सांक्यो कंपनीचं 'फीवर' यंत्र आलं. तीन सातचे आकडे जुळले की गोळ्यांचा पूर. तिथून पाचिंको जुगाराकडे जास्तच झुकला. पैशांच्या जुगाराला कायद्याने बंदी, म्हणून जिंकलेल्या गोळ्यांच्या बदल्यात दुकान रोख देत नाही, बक्षीस देतं. टोकियोत ते प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं सोन्याचं छोटं पान असतं. बाहेरच्या खिडकीत ते विकून रोख पैसे घ्यायचे. खिडकीचा मालक कागदोपत्री वेगळा. ४ येनची गोळी, मिनिटाला १००, म्हणजे ४०० येन. या हिशेबात कर्जबाजारी झालेली घरं कमी नाहीत, आणि त्यांचं दुःख खेळाच्या कौतुकाखाली झाकू नये.

२०२३ पासून नवी यंत्रं आली आहेत. गोळ्या आतल्या आत फिरतात, हाताला लागत नाहीत, जिंकलेला आकडा पडद्यावर दिसतो. खुर्चीमागे रचलेल्या गोळ्यांच्या ट्रे त्यामुळे कमी होत चालल्या आहेत. जपानला जाणं झालं आणि वय १८ पूर्ण असेल, तर १ येनच्या साध्या यंत्रासमोर थोडा वेळ बसा. पडद्यावरच्या चित्रांकडे नको, त्या दोन खिळ्यांकडे बघा. नमस्कार.