पायलटपेक्षा हलकं विमान

नमस्कार मंडळी! पुण्याकडच्या लोकांनी हडपसरचं ग्लायडिंग सेंटर पाहिलं असेल, विंचने दोरी ओढून ग्लायडर वर चढवतात, दोरी सुटली की ते बिनइंजिनाचं आपलं घिरट्या घालत बसतं. आज मात्र एका भलत्याच हलक्या ग्लायडरबद्दल बोलायचंय. नाव कार्बन ड्रॅगन. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात जिम मॉपिन यांनी ते डिझाइन केलं, सोबत अर्व्ह कल्व्हर होते. हे तेच कल्व्हर, लॉकहीड या अमेरिकन विमान कंपनीमध्ये फोन उचलून गमतीत 'स्कॉन्क वर्क्स' म्हणाले, आणि पुढे अख्ख्या विभागाला 'स्कंक वर्क्स' नाव पडलं ते!

तर, पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत साधारण १३.४ मीटर आणि रिकामं वजन फक्त ६६ किलो. म्हणजे आत बसणारा माणूसच विमानापेक्षा जड! अमेरिकेत ७० किलोच्या आतल्या बिनइंजिनाच्या विमानाला लायसन्स लागत नाही, त्यामुळे हातात उरतात जेमतेम चार किलो, आणि घरी बांधणाऱ्याने हौसेने रंगाचे दोन हात जास्त मारले की ते तिथेच खलास.

लहानपणी पतंग करताना आपण काचेच्या तुकड्याने कामटी तासायचो ना, इथेही खेळ तोच. पंख वर वाकतो तेव्हा त्याच्या कण्यावर, म्हणजे स्पारवर, वरच्या बाजूला दाब येतो आणि खालची बाजू ताणली जाते, मधल्या भागाला फारसा त्रास नाही. म्हणून स्पारमध्ये महागाचं कार्बन फायबर वर-खाली दोन पट्ट्यांना, आणि विमानाचा बराचसा भाग लाकडाचा. पुढच्या कडेला पातळ प्लायवूडची नळी, कारण पंख पिळला जाऊ नये, आणि तिच्या मागे नुसतं ताणलेलं कापड. जिथे जोर येत नाही तिथे वजन कशाला, मला तर यातली ही कंजुषीच सगळ्यात जास्त आवडते.

पण एवढा खटाटोप कशासाठी? हळू उडण्यासाठी. पायलट धरून १४० किलो आणि पंख १४ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला १० किलो. नेहमीच्या एकट्याच्या फायबरग्लास ग्लायडरला हाच आकडा तिशीच्या वर जातो. आता समजा दोघेही ३० अंश कलून वळतायत, हलकं ताशी ४५ किलोमीटरने आणि जड ८० ने, तर हलक्याच्या वर्तुळाची त्रिज्या २८ मीटरच्या आसपास आणि जडाची जवळजवळ ९०! सकाळी ऊन नुकतं तापायला लागतं तेव्हा गरम हवेचे झोत बारीक आणि अशक्त असतात, जड ग्लायडर वळेपर्यंत त्यातून बाहेर पडलेलं असतं, हे मात्र घारीसारखं आतच फिरत राहतं.

मूळ कल्पना तर अशी की पोटाखालची दारं उघडायची, पाय बाहेर काढायचे आणि उतारावरून पळत सुटायचं. ६६ किलो खांद्यावर घेऊन बरं का! मी तर दोन पावलांत बसकण मारेन.

आणि समोरून वारा जोरात असला की हलकेपणा नडतो, ते पुढे सरकतच नाही. जमिनीवर तर आणखी पंचाईत, पायलट उतरला की निम्म्याहून जास्त वजन गेलं आणि पंख तर तेवढेच. म्हणून वारा असेल तर त्याने आतच बसून राहायचं, कोणीतरी पळत येऊन पंखाचं टोक धरेपर्यंत.