सही कुणाची?

[मोबाइलवर घेतलेली चित्रफीत. लालबागच्या चाळीतलं स्वयंपाकघर.]

गौरी जेवणाचा दिवस आहे. आई पुरणपोळ्या लाटतायत. शूटिंग नातू करतोय, म्हणून चित्र हलतंय. पलीकडून कुणीतरी चाळीतल्या एका आजोबांचा विषय काढतं. महिना झाला, आयसीयूतच आहेत. आई मान वर न करता म्हणतात, "मला नाही हं त्या नळ्याबिळ्या. पोळी झाली की तवा उतरवतात, तसं उतरवा मला." बोलता बोलता तवा खरोखरच उतरवून ठेवतात. घरभर हशा पिकतो.

चित्रफीत इतकीच, चाळीस सेकंदांची. पुढच्या श्रावणात ती या घरातल्या तिघा भावंडांनी कितीदा पाहिली, याची गणती नाही.

[रुग्णालयाच्या आवारातली बाकं. चपलांचा खच. स्टीलचा डबा.]

या बाकांवर दादा आणि ताई एकोणीस दिवस आळीपाळीने बसले. आईंच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. घशातून नळी घातलेली, श्वास व्हेंटिलेटरवर. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं, धाकट्याला मस्कतला फोन लावला. शुद्ध येण्याची आशा जवळपास नाही, असं सांगितलं. आता गळ्याला छेद देऊन तिथून नळी घालायची आणि पुढे चालू ठेवायचं, की इथेच थांबायचं, ते घरच्यांनी ठरवावं. संध्याकाळपर्यंत कळवा.

सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्याचा निर्णय, आणि मुदत संध्याकाळपर्यंतची. डॉक्टर वाईट नव्हते, त्यांच्यामागेही दहा पेशंट होते. पण त्या खोलीत घरच्यांसाठी दोनच खुर्च्या होत्या, हे दादांच्या लक्षात राहिलंय.

[दादा, खिडकीपाशी.]

दादा म्हणतात, "आई गमतीतच खरं बोलायची. आम्हाला शाळेत मारलंसुद्धा हसत हसत." आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या.

[ताई. मागे ओट्यावर तोच तवा.]

सहा वर्षं आईंचं सगळं ताईंनी केलं. त्या म्हणतात, "हसत म्हणाली हो ती. सणाच्या दिवशी, पोळ्या करताना. त्या एका वाक्यावर मी आईचा श्वास काढून घेऊ? सही मी करू? उद्या माझीच मुलगी म्हणेल, आजीचं मशीन तूच काढलंस."

धाकट्याने मस्कतहून आवाजी संदेश पाठवला होता. तो ऐकवायला दोघांनीही नको म्हटलं.

बाहेरचे लोक अशा घरांबद्दल पटकन बोलून मोकळे होतात. खोलीवरून असेल, पैशावरून असेल, परदेशातल्याला काय जातंय बोलायला. आम्ही या तिघांबरोबर पुष्कळ वेळ घालवला. आम्हाला तरी भांडण एकाच गोष्टीवरून दिसलं. संमतीच्या कागदाच्या तळाशी 'नातेवाईक' असं छापलेलं होतं, आणि त्या रेघेवर आयुष्यभरासाठी आपलं नाव कुणी लिहायचं, ते ठरत नव्हतं.

[परळ. पूल, बस, केईएमची दगडी इमारत.]

लालबागहून चालत वीसेक मिनिटांवर हा रस्ता आहे. एका बाजूला केईएम रुग्णालय, समोर टाटा कर्करोग रुग्णालय. हाच प्रश्न देशात पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला तो इथून.

२७ नोव्हेंबर १९७३. केईएममधल्या तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने तळघरात हल्ला केला. गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. अरुणा वाचल्या, पण पुन्हा कधीच भानावर आल्या नाहीत. चार नंबरच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत त्या राहिल्या. घरचं माणूस जवळ उरलं नाही. परिचारिकांच्या एका पिढीने त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं आणि पुढच्या पिढीच्या हाती सोपवलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखम होऊ न देणं म्हणजे काय, हे ज्याने घरी केलंय त्यालाच कळतं. या बायकांनी ते दशकानुदशकं केलं.

लेखिका-पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अरुणाला आता असं जगवू नका, ही त्यांची मागणी. परिचारिकांनी ठाम विरोध केला. दोन्ही बाजूंना अरुणाबद्दल माया होती. न्यायालयापुढे पहिला प्रश्न हाच आला की अरुणाच्या वतीने बोलायचं कुणी. ७ मार्च २०११ ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यान सुधा मिश्रा यांनी उत्तर दिलं, ज्यांनी सांभाळलं त्यांनी. केईएमचे कर्मचारी हेच अरुणाचे जवळचे. विराणींची याचिका फेटाळली गेली. पण त्याच निकालाने, उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन, जगवणारे उपचार थांबवण्याची वाट या देशात पहिल्यांदा मोकळी केली.

अरुणा १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या. बेचाळीस वर्षं होत आली होती.

ताईंना हे सगळं ठाऊक होतं. परळ-लालबागच्या माणसाला कसं नसेल? त्यांनी भावालाही ऐकवलं होतं, "केईएमच्या सिस्टर परक्या असून थकल्या नाहीत. मी तर पोटची."

दादांकडे यावर उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नाही.

[न्यायालयाच्या निकालाची प्रत. पानं उलटणारा हात.]

९ मार्च २०१८. सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की सन्मानाने मरण येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. माणूस शुद्धीत असताना आपली इच्छा लिहून ठेवू शकतो. त्या लेखाला लिव्हिंग विल म्हणतात, मराठीत वैद्यकीय इच्छापत्र.

इथे एक गल्लत कायम होते, म्हणून थांबून सांगायला हवं. इंजेक्शन देऊन मरण आणणं हा आजही गुन्हा आहे. न्यायालय बोलतंय ते बऱ्या न होणाऱ्या माणसाचं मरण नुसतं लांबवत ठेवणारे उपचार सुरू न करण्याबद्दल किंवा काढून घेण्याबद्दल. आणि 'ब्रेन डेड' हे तिसरंच. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे मेंदूमृत म्हणजे मृतच. लालबागच्या आई मेंदूमृत नव्हत्या. डोळ्यांत बॅटरी मारली की बाहुली थोडी आवळायची. ताईंनी ते पाहिलं होतं. त्यानंतर त्यांना कुणी समजावू शकलं नाही.

२०१८ ची वाट इतकी खाचखळग्यांची होती की फारसं कुणी तिच्यावरून चाललंच नाही. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. उपचार थांबवायचे, तर आधी उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं मंडळ बसतं. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. अंमल करण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं. इच्छापत्र केलेलंच नसेल, तरी हीच वाट आहे, फक्त रुग्णाच्या जागी संमती घरच्यांची.

म्हणजे फिरून त्या रेघेपाशीच. आणि घरच्यांमध्ये एकमत नसेल, तर सहसा काहीच होत नाही. मशीन चालू राहतं. नाहीतर कुणीतरी वैतागून डामा घेतो, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो. धाप लागलेल्या माणसाला गाडीतून चाळीच्या जिन्यापर्यंत आणतात. वेदना कमी करणारं औषध नाही, जवळ नर्स नाही. याला कुणी सुटका म्हणू नये.

[आयसीयूचं बंद दार.]

पहिलं मंडळ बसायचं होतं त्या पहाटे आई गेल्या.

[भोईवाडा न्यायालयाबाहेरचा रस्ता. निळी ताडपत्री, टेबल, टाइपरायटर.]

चार महिन्यांनी आम्ही ताईंबरोबर इथे आलो. त्यांनीच बोलावलं होतं. त्या एक्कावन्न वर्षांच्या आहेत, ठणठणीत आहेत. घरून मजकूर लिहून आणलाय, शाळेच्या वहीच्या रेघी पानावर. नोटरी चष्मा पुसून मोठ्याने वाचतात. कोणत्या अवस्थेत व्हेंटिलेटर लावू नये. लावलेलाच असेल, तर किती दिवस वाट पाहावी. नळीतून अन्न नको. दुखणं कमी करणारं औषध मात्र थांबवायचं नाही, या वाक्याखाली ताईंनी दोनदा रेघ मारली आहे.

मग आपल्या वतीने बोलणाऱ्याचं नाव. एकापेक्षा जास्त नावं चालतात. ताईंनी आधी मुलीचं लिहिलं. त्याखाली दादांचं.

दादाही आलेत. साक्षीदार म्हणून सही करायला आलेत. नोटरी मान हलवतात. "साक्षीदार त्रयस्थ असलेला बरा. तुमचं नाव आत आहे." दादा टेबलापासून दोन पावलं मागे होतात. चाळीतल्या शेजारीण एक साक्षीदार, दुसरे शेजारच्या टेबलावरचे टंकलेखक.

[सही करणारा हात. शिक्का. शाईवर फुंकर.]

नोटरी सांगतात, मन बदललं तर पुन्हा या, लेखी रद्द करता येतं. ताई विचारतात, "कितीदा?" ते म्हणतात, "शुद्धीत असाल तोवर कितीदाही."

[झेरॉक्सचं दुकान. हिरवा उजेड सरकतो.]

तीन प्रती. एक घरच्या डॉक्टरांना. एक परळच्या एफ दक्षिण विभाग कार्यालयात, आरोग्य अधिकाऱ्यांकडे. मुंबई महापालिकेने अशी इच्छापत्रं सांभाळायची जबाबदारी त्या त्या विभागातल्या आरोग्य अधिकाऱ्यांवर सोपवली आहे. तिसरी प्रत ताई भावाकडे देतात. दादा ती उभ्या उभ्या सबंध वाचतात. मग चार घड्या घालून शर्टाच्या खिशात, रेल्वेच्या पासमागे ठेवतात.

"चहा घेऊया का, दादा?" ताई विचारतात.