पाटी लावली, पुढे?

(दृश्य : ओला रस्ता. स्टेनलेस स्टीलच्या चार प्रचंड गोल इमारती. आत-बाहेर करणारे तुरळक विद्यार्थी.)

शहराच्या भागाला नाव देऊन पाटी लावली की तो भाग चालायला लागतो का? बघू या. इंग्लंडमधलं शेफील्ड. पोलाद घडवणारं शहर, वस्ती साधारण साडेपाच लाख. रेल्वे स्टेशनपासून थोडं चाललं की पॅटरनॉस्टर रो नावाचा रस्ता लागतो. तिथे १९९९ च्या मार्चमध्ये लोकप्रिय संगीताचं राष्ट्रीय केंद्र उघडलं. खर्च दीड कोटी पौंड. वर्षाला चार लाख माणसं येतील, असा अंदाज कागदावर मांडला होता. २००० साल अर्ध्यावर आलं तेव्हा केंद्राला कुलूप लागलं. इमारत पुढे विद्यार्थी संघटनेनं घेतली.

(दृश्य : कॅमेरा त्याच रस्त्यावर वळतो. मोटारींच्या जुन्या शोरूमची दर्शनी बाजू.)

आता हे बघा. रस्ता तोच. मोटारी विकणाऱ्या एका जुन्या इमारतीत १९९५ पासून सिनेमागृह चालतं, आणि शेजारच्या भागात लहान लहान कंपन्यांना भाड्यानं जागा मिळतात. हे टिकलं.

या दोन्ही इमारती ज्या भागात येतात, त्याला महापालिकेनं नाव दिलं होतं : सांस्कृतिक उद्योग परिसर. नाव एकच, फलक एकसारखे, नकाशावरचा रंगही एकच. एक बुडालं, एक तरलं. म्हणजे बुडवणारं नाव नव्हतं आणि तारणारंही नव्हतं. तरी मध्यम शहरांच्या सभागृहात पुन्हा पुन्हा हाच ठराव येतो : शहराचे पाच-सहा भाग पाडू, प्रत्येकाला नाव देऊ, बोधचिन्ह देऊ, कमान उभारू.

(दृश्य : पांढरा कागद. एक हात शहराचा नकाशा आठवून काढतो आहे.)

नावाचा फायदा काहीच नाही, असं नाही. नगररचनाकार केविन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांत लोकांना विचारलं होतं की तुमच्या डोक्यात तुमचं शहर कसं दिसतं. १९६० मध्ये त्यांनी मांडलेले पाच घटक आजही शिकवले जातात : वाटा, कडा, भाग, नाके आणि खुणेच्या जागा. यातला ‘भाग’ म्हणजे जिथे शिरलं की आपण आत शिरलो, हे माणसाला कुणी न सांगता कळतं. घरांची ठेवण, दुकानांचा प्रकार, आवाज, वास – काहीतरी सलग असतं. असा भाग आधीच असेल आणि त्याला नाव नसेल, तर नाव दिल्यानं काम होतं. पाहुण्याला पत्ता सांगता येतो, बातमीत उल्लेख होतो, दुकानदार एकमेकांना एका गटात मोजायला लागतात.

पण नाव गिऱ्हाईक जन्माला घालत नाही. महानगरात बाहेरून येणाऱ्यांचा ओघ एवढा असतो की दहा भाग पोसले जातात. मध्यम शहरात खर्च करणारा माणूस बहुतांशी तिथलाच असतो. तो आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी बाहेर पडतो. शहरानं सहा भाग आखले म्हणून त्याच्या संध्याकाळी सहा होत नाहीत. मग एका भागात गर्दी वाढली की ती बहुतेक वेळा दुसऱ्या रस्त्यावरून उचललेली असते, आणि उद्घाटनाच्या फोटोत तो दुसरा रस्ता येत नाही.

(दृश्य : फुटपाथवरून चालणारे पाय. पडद्यावर मोजपट्टी.)

म्हणून पहिला प्रश्न : आपल्या शहराला असे किती भाग झेपतील? हे बैठकीत बसून ठरत नाही, चालून मोजावं लागतं. माणूस रमतगमत मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. पाच मिनिटांत ४०० मीटर. गाडी एकदा लावली की एवढं अंतर तो कुरकुर न करता जातो. या ४०० मीटरमधले दरवाजे मोजा. डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांच्या वर्गवारीत १०० मीटरला १५ ते २० दरवाजे असतील तर ती बाजू जिवंत धरतात; शून्य ते दोन असतील तर मेलेली. दोन्ही बाजू धरून ४०० मीटरला १२० ते १६० दरवाजे होतात. असे रस्ते शहरात दोन निघाले, तर भाग दोन. सहा नव्हेत.

मोजताना मधले खड्डे वेगळे लिहा. खड्डे म्हणजे रस्त्यातले नव्हेत. सलग दुकानांच्या ओळीत आलेला पार्किंगचा तळ, बँकेची कोरी भिंत, पाडलेल्या इमारतीचं मोकळं मैदान. लोक बरोबर तिथून परत फिरतात. हद्द आखताना नगरसेवकाच्या वॉर्डाची रेघ पाळली की असे दोन-तीन खड्डे हमखास आत येतात, आणि मग पलीकडचे दुकानदार विचारतात की आमच्यापर्यंत कुणी का येत नाही.

(दृश्य : टोरांटो, ब्लूर रस्ता. जमिनीखालून जाणारी मेट्रो.)

दुसरा प्रश्न पैशाचा. १९६० च्या दशकात टोरांटोच्या ब्लूर रस्त्याखाली मेट्रो आली. पूर्वी ट्रामच्या खिडकीतून दुकानं बघणारी माणसं जमिनीखालून जाऊ लागली, त्यात मॉल उभे राहिले. ब्लूर वेस्टच्या दुकानदारांनी ठरवलं की आपण स्वतःवर पट्टी, म्हणजे जादा कर, बसवून घेऊ. महापालिकेनं ती कराबरोबर वसूल करायची आणि दुकानदारांच्या मंडळाला जशीच्या तशी परत द्यायची. १९७० मध्ये हे सुरू झालं, आणि जगातला अशा प्रकारचा पहिला परिसर म्हणून ब्लूर वेस्ट व्हिलेजचं नाव घेतलं जातं. यात महत्त्वाचा शब्द आहे ‘वसूल’. स्वेच्छा वर्गणीवर चालणारी व्यापारी मंडळं पुढे रोडावतात, कारण न देणाऱ्याच्या दारापुढचा दिवाही लागतोच.

इंग्लंडमध्ये याच पद्धतीला मतदानाची दुहेरी चाळणी आहे. मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त व्यावसायिक बाजूनं हवेत, आणि त्यांच्या जागांचं एकूण करमूल्यही (कर आकारण्यासाठी धरलेलं जागेचं मूल्य) निम्म्याहून जास्त हवं. म्हणजे चार मोठी दुकानं लहानांवर लादू शकत नाहीत, आणि लहान मोठ्यांवर नाहीत. पट्टी सहसा करमूल्याच्या एक ते दोन टक्के. मुदत पाच वर्षं. पुढे चालवायचं तर पुन्हा मतदान. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात उपयोगी भाग ही मुदतच आहे. पाचव्या वर्षी हिशेब द्यायचा असला की पहिल्या वर्षीच झाडू विकत घेतला जातो.

(दृश्य : दिव्याच्या खांबावर फडफडणारी, कडेनं उसवलेली पताका. जवळून.)

आता वस्तूंकडे येऊ, कारण पैसा इथे सांडतो.

खांबावरची पताका. ६० सेंटिमीटर रुंद, १८० उंच. क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या किंचित वर. ताशी ९० किलोमीटरचा वारा सुटला की तिच्यावर सुमारे ५० किलोचा जोर येतो. दोन बाजूंना दोन पताका म्हणजे १००. आणि हा जोर पायथ्याशी नव्हे, चार-पाच मीटर उंचीवर लागतो, लांब पहारीनं उचकटावं तसा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. जुना दिव्याचा खांब फक्त दिवा पेलायला घडवलेला असतो. पताकेत चंद्रकोरीसारखे काप दिले की वारा निघून जातो, अशी समजूत आहे; त्यानं फारसं कमी होत नाही. उपयोग होतो तो लवचिक फायबरग्लासच्या दांड्याचा, कारण वाऱ्यात तो वाकतो आणि पताका कलते. खांबाची भारक्षमता लेखी मागवल्याशिवाय छपाईची ऑर्डर देऊ नये. आणि कापड दोन-तीन उन्हाळेच टिकतं हे धरून बदलाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात घालावा. विटलेली, लोंबणारी पताका ‘इथे कुणी बघत नाही’ असं जितक्या मोठ्यानं सांगते, तितकं रिकामा खांबही सांगत नाही.

(दृश्य : कोलंबस, ओहायो. रस्त्यावर एकामागून एक लोखंडी कमानी, संध्याकाळ.)

कमानी. अमेरिकेतल्या कोलंबस शहरात शॉर्ट नॉर्थ भागात हाय स्ट्रीटवर १७ धातूच्या कमानी आहेत. त्या हवेतून आलेल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच शहरात रस्त्यांवर दिव्यांच्या कमानी होत्या, त्यांची ती आठवण. तरीही नव्या कमानींची दिव्यांची मूळ यंत्रणा धड चालली नाही आणि पुढे एलईडी बसवावे लागले. कमान उभी करणारा ठेकेदार वेगळा, दिवे लावणारा वेगळा, बिल भरणारा तिसरा. यात दिवा कुणाचा, हे करारात लिहिलेलं नसतं.

दिशादर्शक फलकांचा हिशेब सोपा आहे, तरी चुकतो. दर नऊ मीटर अंतराला अक्षराची उंची २५ मिलिमीटर. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. वाचून वळायचं ठरवायला चार सेकंद धरले तर ४५ मीटर, म्हणजे अक्षर १२५ मिलिमीटर. हा हिशेब रोमन अक्षरांचा. वेलांट्या-उकारांच्या लिपीला वर-खाली आणखी जागा सोडावी लागते. त्यात मोठं बोधचिन्ह घातलं की नाव आक्रसतं, आणि चालकाला फक्त एक रंगीत ठिपका दिसतो. चालणाऱ्यासाठी नकाशा लावला तर तो उत्तर वर ठेवून नव्हे, वाचणारा ज्या दिशेला तोंड करून उभा आहे ती दिशा वर ठेवून लावावा. लंडनचे रस्त्यावरचे नकाशे असेच आहेत.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर नकाशा. बोटानं मोठा केला जातो.)

नाव कुठून येतं? न्यूयॉर्कमध्ये २०१७ साली घरांच्या दलालांनी दक्षिण हार्लेमला ‘सोहा’ म्हणायला सुरुवात केली. रहिवासी भडकले, नावं अशी परस्पर बदलण्याला आळा घालणारा कायदा आणण्याचा प्रस्तावही पुढे आला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ‘ईस्ट कट’ हे नाव आलं, थट्टा झाली, पण गूगलच्या नकाशावर चढलं आणि तिथून टॅक्सीच्या, घरभाड्याच्या अ‍ॅपमध्ये पसरलं. डेट्रॉइटमधल्या फिस्कहॉर्न या वस्तीचं तर गूगलवर ‘फिशकॉर्न’ झालं होतं, चुकीच्या नकाशावरून उचललेलं. घरांच्या जाहिरातींत तेच छापून येऊ लागलं. तेव्हा नाव ठरवण्याआधी जुनी कागदपत्रं, टपालाचे पत्ते आणि रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या तोंडचा शब्द, तिन्ही तपासावेत. लोक ज्या नावानं उतरतात, ते नाव फुकट मिळालेलं असतं.

(दृश्य : डब्लिन, दगडी फरशीची गल्ली, पबांबाहेर गर्दी.)

नाव खूपच चाललं तर काय, हे डब्लिनच्या टेंपल बार या भागानं दाखवलं. सरकारी वाहतूक कंपनीनं तिथे बसस्थानकासाठी इमारती घेतल्या, आणि काम सुरू होईपर्यंत अल्पमुदतीनं, कमी भाड्यानं दिल्या. कलाकार आले, दालनं आली, लहान दुकानं आली. बसस्थानक बारगळलं. १९९१ मध्ये सरकारनं भागाच्या विकासासाठी कंपनी काढली. आज टेंपल बारचं नाव निघतं ते पबांमुळे. कलाकारांना आणलं होतं ते कमी भाड्यानं. भाग प्रसिद्ध झाला की पहिल्यांदा तेच भाडं जातं.

केंटकीतल्या पडूका या २७ हजार वस्तीच्या गावानं हे ओळखलं होतं. २००० साली लोअर टाउनमधली मोडकी घरं त्यांनी कलाकारांना देऊ केली, काही तर एका डॉलरला, पण मालकीनं. दुरुस्तीचा खर्च घराच्या तेव्हाच्या किमतीपेक्षा जास्त येणार म्हणून तिथल्या बँकेनं किमतीहून मोठी कर्जं दिली. एकाच घरात राहणं, काम करणं आणि विकणं चालेल, असा जमीनवापराचा नियमही केला. हे सगळं आधी झालं. भाव वाढले तर ज्याचं घर आहे, त्याच्याच घराचं मोल वाढलं.

जागा स्वस्त का आहे, हेही विचारावं लागतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिलमध्ये नदीकाठच्या जुन्या गोदामांत कलावंतांचा ‘रिव्हर आर्ट्‌स’ भाग बहरला. गोदामं पूररेषेत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळात नदी आत शिरली आणि त्या भागाचा मोठा हिस्सा उद्ध्वस्त झाला.

आणि जागा संपते, हेही. वॉशिंग्टनच्या नोमा भागात मेट्रोचं नवं स्टेशन हवं म्हणून जमीनमालकांनी अडीच कोटी डॉलर घातले. २००४ मध्ये स्टेशन झालं, इमारती भराभर उठल्या. बागेसाठी भूखंड मात्र राखले नव्हते. नंतर शहराला पाच कोटी डॉलर बाजूला काढून जागा शोधाव्या लागल्या.

(दृश्य : वहीत दुकानांची यादी, पेन्सिलीनं खुणा.)

फायदा झाला की नाही, ते मोजायचं तर पाटी लावण्याआधी वर्षभर सुरुवात करावी. बंद गाळे, दर तिमाहीला, ठरलेल्या तारखेला. संध्याकाळी सात वाजता एका जागी उभं राहून दहा मिनिटांत गेलेली माणसं. गाळ्याचं भाडं, आणि भाडेकरू किती वर्षं टिकला ते. हेच सगळं शहरातल्या दुसऱ्या एका तशाच रस्त्यावरही मोजायचं, जिथे काहीच केलेलं नाही. तिथले आकडे पडले आणि इथले चढले, तर शहराच्या खिशात नवं काही आलेलं नाही.

(दृश्य : बर्मिंगहॅम. कारागिराच्या हातात अंगठी, भिंग, ठसा.)

बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरला नाव कुणी बसवून दिलं नाही. सोन्याचांदीची शुद्धता तपासून ठसा मारणारं कार्यालय शहरात १७७३ पासून आहे. सोनारकाम करणारा, खडे बसवणारा, झिलई देणारा, हत्यारं विकणारा – सगळे चालत जाण्याच्या अंतरावर, कारण अर्धवट घडलेला दागिना दिवसातून तीनदा हात बदलतो. २०१५ मध्ये ठशाचं कार्यालय नव्या इमारतीत गेलं. तेव्हाही जागा ज्वेलरी क्वार्टरमध्येच घेतली.