कुट्टीची लांबी आणि दुधाची फॅट

संगमनेर परिसरातील गोठ्यांत नेहमी दिसणारी ही गव्हाण पाहा. सकाळी टाकलेल्या वैरणीतील पाला संपला आहे आणि ज्वारीच्या कडब्याची जाड धाटे तेवढी तळाशी उरली आहेत. अख्खा कडबा समोर आला की गाय निवडून खाते, आणि वर खुराक टाकलेला असेल तर आधी तोच फस्त करते. म्हणूनच कडब्याची कुट्टी, म्हणजे यंत्राने बारीक तुकडे, करून तिच्यात हिरवा मका, मुरघास (हवाबंद दाबून मुरवलेला हिरवा चारा) आणि पेंड कालवून देण्याची पद्धत संकरित गाईंच्या गोठ्यांत रुळली.

कुट्टीने वैरण वाचते, हे खरेच. परंतु कुट्टी जितकी बारीक तितकी चांगली, हा समज महागात पडतो. निरोगी दुभती गाय दिवसातील ७ ते ८ तास रवंथ करते आणि दिवसभरात १०० लिटरहून अधिक लाळ तिच्या पोटात उतरते. या लाळेतील सोडा पोटातील आम्लता आटोक्यात ठेवतो. वैरणीचा भुसा केला, तर चावण्यासारखे काही उरत नाही, रवंथ घटते, लाळ कमी पडते आणि वाढलेल्या आम्लतेत तंतुमय चारा पचवणारे जिवाणू तग धरत नाहीत. त्यांच्याकडून मिळणारे ॲसिटिक आम्ल हा दुधातील स्निग्धांशाचा कच्चा माल असल्याने दूध तेवढेच राहूनही संकलन केंद्रावरील पावतीत फॅट ३.५ टक्क्यांच्या खाली घसरते. अशा वेळी संशय सहसा मोजणी यंत्रावर जातो. तो दर वेळी खोटाच असतो असे नाही, पण आधी गव्हाणीत हात घालून पाहावे. तुकडे साधारण २ सेंटिमीटरचे असावेत. निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्या तरी रवंथ करताना दिसाव्यात. कुट्टी यंत्राचे पाते बोथट झाले, की धाट कापले न जाता चिरडले जाते, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही.

मुरघासाचा मका दाणा चिकात असताना कापून, कुट्टी करून, हवा राहणार नाही असा दाबून भरतात. त्याचा वास दुधात उतरू शकतो, त्यामुळे तो धारेनंतर द्यावा. यात आणखी एक फायदा आहे. चारा समोर असला, की गाय अर्धा-पाऊण तास उभीच राहते; तेवढ्यात सडांची छिद्रे मिटू लागतात आणि शेणामुतात बसल्यावर जंतू आत शिरून कासदाह होण्याचा धोका कमी होतो.