उन्हाळी टोमॅटो लाल का होत नाही?

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्यात नारायणगावच्या बाजारात कॅरेट उतरलं की व्यापारी आधी रंग बघतो. फळ टणक आहे, वजनदार आहे, पण नारिंगी-पिवळं! भाव तिथेच पडतो. घरी येऊन आपण बियाण्याला शिव्या देतो. कधी बियाणं फसतंही, पण पुष्कळदा दोष उन्हाचा असतो.

टोमॅटो पिकताना त्यातलं हिरवं हरितद्रव्य मोडतं आणि दोन रंग तयार होऊ लागतात. लाल रंग लायकोपीनचा, पिवळा-नारिंगी बीटा कॅरोटीनचा. गाजरात असतो तोच. लायकोपीनला साधारण २० ते २५ अंशांची हवा मानवते. पारा ३० च्या वर गेला की ते तयार होणं मंदावतं, आणखी चढला की जवळजवळ थांबतं. बीटा कॅरोटीन मात्र उन्हाला त्यामानाने चिवट. म्हणून हिरवा जातो, पिवळा येतो, लाल काही येत नाही.

आता एक गंमत. बातम्यांत सांगतात ते तापमान सावलीतलं. थेट उन्हात लटकलेलं फळ हवेपेक्षा दहा अंशांनीही जास्त तापू शकतं. म्हणून एकाच झाडावर पानांआडचं फळ लालबुंद आणि पश्चिमेच्या उन्हातलं देठाकडे पिवळं, असं दिसतं. झाड 'मोकळं' करण्याच्या हौसेने उन्हाळ्यात पानं ओरबाडणारे माझ्या डोक्यातच जातात. ती पानं म्हणजे फळांची छत्री; ती राखणं हा पहिला उपाय. पालाश, म्हणजे पोटॅश, कमी पडलं तरी देठाकडचा भाग पिवळा राहतो, तेव्हा माती तपासून घ्या.

दुसरा उपाय काढणीचा. फळ झाडावर लाल होण्याची वाट बघू नका. तळाशी गुलाबी छटा आली की सकाळी गारव्यात तोडा आणि हवेशीर सावलीत पिकू द्या. घरच्यासाठी आणलेली अर्धकच्ची फळं फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका; फार थंडीतही लाल रंग अडतो.

आणि प्रत्येक पिवळा डाग उन्हाचाच असेल असंही नाही. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर-संगमनेरकडे 'तिरंगा'ची, म्हणजे एकाच फळावर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके-पट्टे येण्याची, ओरड झाली, तेव्हा तपासणीत विषाणू सापडले होते. शंका आली तर रंग फुटू लागलेली, न करपलेली पाच-सहा फळं घरातल्या गार कोपऱ्यात आठवडाभर ठेवून बघा. सगळीकडून लाल झाली, तर दोष उन्हाचा. ठिपके-पट्टे तसेच राहिले, तर फळ आणि फांदी दोन्ही घेऊन कृषी विज्ञान केंद्र गाठा.