सुट्टीनंतरचं अपडेट

[दृश्य: वसमत, जिल्हा हिंगोली. शाळेची संगणक खोली. खिडक्या उघडतात, मॉनिटरवरची कापडी कव्हरं झटकली जातात.]

मे महिन्यात कुलूप लागलेली ही खोली जूनच्या मध्यात उघडली आहे. कव्हरं निघाली, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरून झालं. शिपाईमामा एकेक बटण दाबत पुढे चाललेत.

[दृश्य: पडद्याचा उजवा कोपरा. अपडेटची चौकट. पट्टी जागची हलत नाही.]

प्रत्येक पडद्यावर तीच चौकट. अँटिव्हायरस जुना झालाय, अपडेट चालू आहे. एरवी ही चौकट येऊन गेलेली कळतही नाही. आज तिच्यात शंभर एमबीच्या पुढचा आकडा आहे. मशिनं बारा. म्हणजे नुसत्या अपडेटलाच सव्वा जीबी हवा, आणि खोलीतलं नेट म्हणजे सरांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट.

[बाइट, संगणक शिक्षक: "पोरांना पेंट उघडून द्यावं म्हणलं, तर हे बसलंय डेटा खात. दीड जीबी भेटतो दिवसाला, तो साडेअकरालाच संपला. सुट्टीत असे किती व्हायरस निघाले असतील हो?"]

निघाले तर पुष्कळ. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था दररोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक किंवा नकोशा प्रोग्रॅमची नोंद करते. पण त्यातल्या प्रत्येकासाठी आपल्या मशिनवर वेगळी ओळ येत नाही. एकाच कुळातले हजारो नमुने ओळखणारी एकच खूण लिहिता येते. उरलेल्यांची चौकशी मशिन नेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे करतं. म्हणून रोज अपडेट घेणाऱ्या मशिनला रोज मिळतात ते काही केबी, फार तर काही एमबी. सरांचा डेटा संपवला तो नव्या व्हायरसांनी नाही.

[दृश्य: मोंढा. हळदीची पोती, काटा, अडतीच्या गादीवर उघडी वही. हे दृश्य लांब ठेवावं.]

मोंढ्यात अडतीच्या गादीवर दोन वह्या असत. दिवसाचा व्यवहार रोजमेळात, आणि खात्यावार जमाखर्च खतावणीत. अँटिव्हायरसची मांडणी याच वळणाची. क्लॅमएव्ही हा मोफत मिळणारा अँटिव्हायरस घ्या. त्याची एक मुख्य फाइल, क्वचित बदलणारी, आणि दुसरी रोजची. मुख्य फाइल 2021 मध्ये 160 एमबीच्या पुढे गेली होती. रोजची फाइल लहान, पण तीही दररोज अख्खी उतरवत नाहीत. कालच्या आणि आजच्या फाइलीत जेवढा फरक, तेवढाच तुकडा मशिन मागून घेतं आणि आपल्याकडच्या प्रतीला जोडतं.

अडचण या तुकड्यांची आहे. सर्व्हर ते जन्मभर सांभाळत नाही. अलीकडचे ठेवतो, जुने काढून टाकतो. फार मागे राहिलेल्या मशिनला जोडायला तुकडाच सापडत नाही, मग ते अख्खी फाइल मागवतं. शिवाय रोजच्या फाइलीत बरंच साचलं की कंपनी ते मुख्य फाइलीत ओतते, आणि त्या दिवशी रोज हजेरी लावणाऱ्या मशिनलाही मोठा घास घ्यावा लागतो. अपडेट अचानक फुगलेलं दिसतं ते बऱ्याचदा यामुळे.

विंडोजसोबत येणारा डिफेंडरही निराळा नाही. त्याच्या खुणा दिवसातून अनेकदा बदलतात, फरकाचा तुकडा छोटा असतो, पण पूर्ण पॅकेज शंभर एमबीच्या वर. आणि खुणांची यादी वाचणारं इंजिन साधारण महिन्याला बदलतं. सहा आठवडे झाकून ठेवलेल्या मशिनला यादीही नवी हवी आणि इंजिनही.

[दृश्य: जुनं छायाचित्र. फ्लॉपी डिस्कचा डबा.]

नव्वदच्या दशकात हे सगळं फ्लॉपीवरून येई. फ्लॉपीत मावायचं 1.44 एमबी, तेव्हा लिहिणाराही हात राखूनच लिहायचा. आता तसं बंधन राहिलं नाही. मशिन रोज चालू, नेट रोज चालू, असं धरूनच सगळी रचना होते. वसमतमध्ये ते धरणं चुकतं, आणि ज्याच्याकडे नेट सगळ्यांत कमी त्यालाच सगळ्यांत मोठी फाइल उतरवावी लागते.

[दृश्य: बाजाररोडवरचं सेवा केंद्र. बाहेर चपला, आत सातबाऱ्याच्या प्रिंटा. मशिन रीस्टार्ट होतं, डेस्कटॉपवरची फाइल गायब.]

या केंद्रात सुट्टी नसते, तरीही रोज सकाळी मोठं अपडेट. कारण कंपनीकडे नाही, याच मशिनमध्ये आहे. कुणी काही बिघडवू नये म्हणून इथे डीप फ्रीझ नावाचं सॉफ्टवेअर बसवलंय. मशिन बंद करून चालू केलं की सगळं ठरवलेल्या दिवसावर परत. डाउनलोड केलेले फोटो जातात, चिकटलेला व्हायरस जातो, आणि त्यासोबत कालचं अपडेटही जातं. या मशिनसाठी प्रत्येक सकाळ ही गोठवलेल्या दिवसाची दुसरी सकाळ असते. तेच पॅकेज ते पुन्हा उतरवतं. जगभर अशी मशिनं कमी नाहीत. त्याच फाइली पुन्हापुन्हा अख्ख्या नेणाऱ्यांना क्लॅमएव्हीच्या सर्व्हरने 2021 मध्ये आवर घातला होता.

[दृश्य: मदरबोर्डवरून काढलेली नाण्याएवढी बॅटरी तळहातावर. पडद्यावर तारीख: 1 जानेवारी 2010.]

शेजारच्या मशिनचं दुखणं आणखी वेगळं. सीआर 2032 ही बॅटरी संपली, त्यामुळे लाइट गेली की घड्याळ 2010 मध्ये जातं. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र तपासताना तारीख जुळत नाही, जोडणी नाकारली जाते, अपडेट अर्ध्यात. तारीख सुधारली की पहिल्यापासून. ही बॅटरी बदलायला पाच मिनिटं लागतात. आम्ही शूटिंग करत असतानाच ती बदलली गेली.

[दृश्य: स्कूटीच्या किल्लीला अडकवलेला पेनड्राइव्ह. नांदेडचा रस्ता.]

शाळेपुरता एक मार्ग सरांनी काढलाय. डिफेंडरचं पूर्ण पॅकेज मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून एक सुटी फाइल म्हणून उतरवता येतं. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्याही ऑफलाइन अपडेट देतात. नांदेडला चांगल्या नेटवर ते एकदा घ्यायचं आणि बारा मशिनांना द्यायचं. पेनड्राइव्ह मात्र कोराच हवा. फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस या भागात फिरला तो पेनड्राइव्हवरूनच.

एका मशिनने उतरवावं आणि बाकीच्यांनी लॅनवरून, म्हणजे खोलीतल्या मशिनांना जोडणाऱ्या जाळ्यावरून, त्याच्याकडून घ्यावं, ही सोय तयार आहे, पण बहुतेक कार्यालयांसाठीच्या महागड्या आवृत्तीत. ती शाळांना साध्या आवृत्तीत द्यायला काय हरकत आहे, हे आम्हाला कळलेलं नाही.

[दृश्य: केंद्राबाहेरची रांग. हातात पासबुक, आधार कार्डाच्या झेरॉक्स.]

अपडेट नको म्हणून ते कायमचं बंद करणारेही आहेत. मे 2017 मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला, त्याच्या दोन महिने आधी मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली होती. ती न घेतलेली मशिनं सापडली. आणि 19 जुलै 2024 ला जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशिनं पाडणारी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधली सदोष फाइल होती जेमतेम 40 केबीची. आकार बघून घाबरायचं की नाही, ते यावरून ठरवा.

[दृश्य: संगणक खोली, संध्याकाळ. सर पेनड्राइव्ह लावतात, यादीवर टिक करतात.]

सात मशिनं झाली. पाच उरलीत, त्यातल्या दोनमध्ये सी ड्राइव्ह गच्च भरलाय, आधी जागा करावी लागेल. सोमवारी आठवीचा तास आहे. लाइट राहिली तर उद्या दुपारपर्यंत होतील, असं सर म्हणतात.